आजीची शिलाई मशीन मिळाली आहे, तिच्यावर रोजचं शिवण करायचं आहे

निळी रीळ

आजीची पायमशीन आता माझ्याकडे आली आहे. काळी, लोखंडी, अंगावर सोनेरी नक्षी असलेली सिंगर. घरात बहुतेकांचं मत पडलं की वरचं डोकं काढून कपाटात ठेवावं आणि खालच्या बिडाच्या स्टँडवर काच टाकून टेबल करावं. मला ते अजिबात पटत नाही. आजीनं हिच्यावर घरातल्या सगळ्यांचे कपडे शिवले आणि मलाही हिच्यावरच शिवायचं आहे. आधी अभ्रे, पडदे, मग लहान मुलांचे कपडे, हात बसला की सदरे.

आतापर्यंत एवढं झालंय: सुईखालची पत्री काढून ब्रशनं साफसफाई केली. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या मधून दाबून बसलेल्या कापसाचा जाड थर निघाला. तेलाच्या भोकांत मशीनचं तेल घातल्यावर चाक हलकं फिरायला लागलं. टीप पडते आणि वरून सुरेख दिसते, पण कापड उलटं केलं की खाली धाग्याची नुसती जाळी. बॉबिनच्या, म्हणजे खालच्या धाग्याच्या छोट्या रिळाच्या, डबीवरचा बारीक स्क्रू फिरवून बघू का?

शिवाय हिला फक्त सरळ टीप आहे. झिगझॅग नाही, मागे जाणारी टीपही नाही. मग कापडाच्या कडा उसवू नयेत म्हणून तुम्ही काय करता? पायडलही अजून ताब्यात आलेलं नाही, चाक मधेच उलटं फिरतं आणि धागा तुटतो. ज्यांच्याकडे अशी मशीन खरोखर वापरात आहे त्यांनी जरा सविस्तर लिहा.

नेढं

डबीच्या स्क्रूला तूर्त हात लावू नका. खालचा गुंता हे बहुतेक वेळा वरच्या धाग्याचं दुखणं असतं.

टाका कसा पडतो ते डोळ्यांपुढे आणा. सुई खाली जाऊन थोडी वर आली की वरच्या धाग्याचा छोटा फास तयार होतो. हुक तो फास पकडून बॉबिनभोवती फिरवून आणतो. मग समोरचा वरखाली होणारा लिव्हर तो फास ओढून घेतो आणि दोन्ही धाग्यांची गाठ कापडाच्या जाडीत बसते. वरच्या धाग्यावर ताणच नसेल तर फास पुरता ओढला जात नाही, खालीच लोंबत राहतो. त्याचीच ती जाळी होते.

आता क्रमानं बघा. धागा ओवताना फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा भाग, वर उचललेलं असू द्या. फूट वर असताना टेन्शनच्या, म्हणजे धाग्याला ताण देणाऱ्या, चकत्या सैल असतात आणि धागा त्यांच्यामध्ये नीट उतरतो. फूट खाली ठेवून ओवलं तर तो चकत्यांच्या काठावरच राहतो. ओवून झाल्यावर फूट खाली करा आणि सुईजवळ धागा ओढून बघा, हाताला चांगला विरोध लागला पाहिजे. लागत नसेल तर चकत्यांमध्ये जुन्या धाग्याचा तुकडा किंवा मळ अडकलेला असतो. स्वच्छ सुती कापडाची पातळ पट्टी चकत्यांमधून पुढेमागे ओढली की तो निघतो. चकत्यांना तेल मात्र कधीही लावायचं नाही.

मग सुई. जुनी सुई सरळ दिसली तरी टाकून द्या. या घरगुती मशीनना बहुतेक करून १५×१ प्रकारची सुई चालते, नव्या पाकिटावर १३०/७०५ एच लिहिलेलं असतं तीच ही. सुईच्या दांड्याची सपाट बाजू हुकाकडे आणि लांब खाच त्याच्या विरुद्ध बाजूला. धागा नेहमी खाचेच्या बाजूनं नेढ्यात घालायचा. सपाट बाजू डावीकडे येते की उजवीकडे हे मॉडेलप्रमाणे बदलतं, तेव्हा दुसऱ्या मशीनचा फोटो बघून ठरवू नका. सुई वर टेकेपर्यंत सरकवून मगच स्क्रू आवळा. जराशी खाली राहिली तरी हुकाला फास मिळत नाही आणि टाके सुटतात.

शिवायला सुरुवात करताना दोन्ही धाग्यांची टोकं फुटाखालून मागे घेऊन पहिले काही टाके बोटांनी धरून ठेवा. थांबताना लिव्हर सगळ्यात वर आणून थांबा, म्हणजे पुढच्या टाक्याला धागा सुईतून निसटत नाही.

एवढं करूनही गाठी खालीच दिसल्या तर वरचं टेन्शन थोडं थोडं घट्ट करत जा. डबी तपासायची झाली तर बॉबिन भरलेली डबी धाग्याला धरून हवेत लोंबकळू द्या. नुसत्या वजनानं ती सरकू नये, हलका झटका दिला की थोडी खाली येऊन थांबावी. असं होत असेल तर डबी ठीक आहे, तिला तसंच राहू द्या.

आणि ड्रॉवरमधल्या आजीच्या रिळांचा मोह होईल, पण आधी धागा दोन हातांत धरून तोडून बघा. जुना सुती धागा कुजलेला असला तर जोर न लावताच तुटतो. असा धागा मशीनमध्ये घातला की टेन्शनचे सगळे अंदाज चुकतात.

काळी मशीन

मॉडेल ओळखायचं असेल तर पाट्यावर किंवा मुख्य खांबाच्या बुडाशी कोरलेला क्रमांक शोधा. सिंगरच्या १९०० सालापूर्वीच्या मशीनवर नुसते आकडे असतात, त्यानंतरच्या क्रमांकाआधी इंग्रजी अक्षरं येतात. दोन अक्षरं असून पहिलं 'ई' असेल तर ती बहुधा स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात बनलेली. कंपनीच्या नोंदींत प्रत्येक क्रमांकापुढे जी तारीख सापडते ती त्या क्रमांकांचा गठ्ठा कारखान्याला नेमून दिल्याची असते, म्हणजे तुमची मशीन त्यानंतर काही काळानंही तयार झालेली असू शकते. खांबावरच्या पितळी बिल्ल्याला निळी कड असून तिच्यावर १८५१ आणि १९५१ असं लिहिलेलं असेल तर तो कंपनीच्या शंभरीचा बिल्ला.

कामाच्या दृष्टीनं वर्षापेक्षा बॉबिन महत्त्वाची. दोन्ही बाजूंनी सपाट आणि डाव्या टोकाकडून डबीत घालून बसवायची असेल तर ती १५ वर्गातली. उषाच्या काळ्या मशीन आणि युद्धानंतरच्या बऱ्याच जपानी मशीन याच धर्तीच्या. वरून पत्री सरकवून आत सोडायची आणि बाजू किंचित फुगीर असलेली बॉबिन ६६ वर्गातली, ती सिंगरच्या ६६, ९९ आणि २०१ या मॉडेलमध्ये चालते. दोन्ही साधारण सारख्या दिसतात आणि एकीच्या जागी दुसरी बसल्यासारखीही वाटते, पण टाका कधीच नीट पडत नाही. नवी डबी घ्यायची असेल तर जुनी बरोबर न्या. डबीचा कान कुठल्या बाजूला वळलाय ते जुळलं नाही तर ती बसतच नाही.

निळी रीळ

बॉबिन सपाट आहे, म्हणजे १५ वर्ग. क्रमांकही सापडला, सुरुवातीला 'ईई' आहे. चकत्यांतून लाल धाग्याचा तुकडा निघाला! आता खालचा टाका वरच्यासारखाच दिसतोय. नेढं, मनापासून आभार.

उरेब

कडांबद्दल मी लिहिते, कारण तो माझा आवडता भाग आहे.

झिगझॅग नसणं ही या मशीनची उणीव आहे असं मला वाटत नाही. हिची सुई एकाच जागी वरखाली होते, त्यामुळे पत्रीला फक्त सुईपुरतं बारीक गोल भोक असतं. झिगझॅगच्या मशीनला तिथे लांबट फट ठेवावी लागते आणि पातळ मलमल, व्हॉइल तिच्यात खाली ओढलं जातं. हिच्यावर ते कापड सपाट राहतं आणि टीप रेघेसारखी सरळ येते. शिवणातली जुनी, टिकाऊ कामं सगळी सरळ टिपेचीच आहेत. कड उसवू नये म्हणून तिच्यावर वरून टाके मारण्यापेक्षा कडच आत बंद करून टाकायची, हा सगळ्या पद्धतींचा गाभा.

पातळ कापडाला फ्रेंच शिलाई. समजा शिलाईसाठी १.५ सेंमी सोडलं आहे. कापडाच्या उलट बाजू एकमेकींवर ठेवून, म्हणजे सुलट बाजू बाहेर ठेवून, कडेपासून ९ मिमीवर टीप मारा. कड कापून ३ मिमी ठेवा. आता उलटवून सुलट बाजू आत घ्या, शिलाईवर इस्त्री फिरवा आणि ६ मिमीवर दुसरी टीप मारा. कच्ची कड दोन टिपांच्या मधे कैद होते. आधीची कड ३ मिमीपेक्षा जास्त राहिली तर तिचे धागे सुलट बाजूनं डोकावतात, म्हणून कापण्यात कसर नको.

जाड कापडाला दुमडून दाबलेली शिलाई, जीन्सच्या पायाला असते ती. साधी टीप मारून एका बाजूची कड निम्मी कापायची, दुसरी तिच्यावरून दुमडून खाली बसवायची आणि वरून टीप. सदऱ्याच्या बगला आणि खांद्यांना हीच हवी.

जिथे वळण तीव्र आहे, म्हणजे मुंढा (बाही जोडायची जागा), गळा, तिथे फ्रेंच शिलाईच्या नादी लागू नका. तिथे उरेब पट्टी. कापडाच्या उभ्या धाग्याला ४५ अंशांत ३ सेंमी रुंद पट्ट्या कापा. उरेब कापड ताणलं जातं म्हणूनच ते वळणावर चुण्या न पडता बसतं. पट्टी लावताना आतल्या वळणावर ती जराशी ताणा, बाहेरच्या वळणावर मुळीच ताणू नका.

मधल्या जाडीच्या सुती कापडाला सगळ्यात सोपं म्हणजे शिलाई उघडून प्रत्येक कड ५ मिमी आत दुमडायची आणि तिच्यावर एकेक टीप मारायची. पडदे आणि अभ्रे यांना एवढं पुरे.

मागची टीप नाही याचीही चिंता नको. शिलाईच्या शेवटच्या एका सेंटिमीटरला टाका अगदी बारीक करायचा, तो सहसा सुटत नाही. किंवा सुई कापडात ठेवून फूट उचलायचं, कापड अर्धं फिरवायचं आणि त्याच टिपेवरून थोडं परत यायचं. डार्ट्सच्या, म्हणजे कपडा अंगाला बसावा म्हणून घातलेल्या निमुळत्या दुमडींच्या, टोकाला मी दोन्ही धागे उलट बाजूला ओढून हातानं गाठ मारते, तिथे बारीक टाक्यानं कापड कडक होतं.

इस्त्री जवळच ठेवा. प्रत्येक टिपेनंतर ती लागते.

टाचणी

वाचखूण साठवली. दोन भाबडे प्रश्न. टीशर्टचं कापड हिच्यावर शिवता येईल का? आणि ही सगळी लोखंडी आहे म्हणजे चामड्याची पिशवीही शिवेल ना?

नेढं

टीशर्टचं कापड ताणतं, सरळ टीप ताणत नाही. त्यामुळे घालताना टीप तुटते. बोथट टोकाची बॉलपॉइंट सुई, पॉलिस्टरचा धागा, थोडा बारीक टाका, फुटावरचा दाब कमी आणि शिवताना कापडाला किंचित ताण, एवढं केलं तर खांदे आणि बाजूच्या शिलाया निभावतात. डोकं आत जायचं ती जागा मात्र हिच्याकडून करून घेऊ नये.

चामड्याला माझं स्पष्ट नाही. लोखंडी असली तरी ही घरगुती मशीन आहे. जाड चामड्यात सुई वाकते, पत्रीवर आपटते, हुकाला ओरखडा पडतो आणि त्यानंतर साध्या कापडावरही धागा तुटायला लागतो. डेनिमचे थर मात्र ती आनंदानं शिवते. १००/१६ ची सुई लावा आणि जिथे शिलाईवर शिलाई येते तिथे पायडल सोडून चाक हातानं फिरवत सुई आरपार न्या. पातळ सुतीला ७०/१०, नेहमीच्या सुतीला ८०/१२ किंवा ९०/१४. यातला पहिला आकडा सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतो, म्हणजे ९० ची सुई ०.९ मिमी.

वादी

पायडलचं राहिलंच.

बॉबिन भरताना हातचाकाच्या मधली मोठी गोल चकती सैल करतो ना, तशी सैल करा. चाक फिरेल पण सुई हलणार नाही. धागा काढून ठेवा आणि नुसतं चाक फिरवायचा सराव करा. दोन्ही पाऊलं पायडलवर पूर्ण टेकवा, एक जरा पुढे, एक मागे. पुढच्या पावलाचे चवडे दाबतात तेव्हा मागच्या पावलाची टाच मोकळी होते, मग उलट. सुरुवात नेहमी हातानं, चाकाचा वरचा भाग स्वतःकडे ओढून. त्या फेरीनं पायडल हललं की तीच लय पायानं पुढे न्यायची. चाक उलटं जातं ते बहुधा पायडल वरच्या किंवा खालच्या टोकाशी थांबल्यामुळे. थांबताना पायानं नाही तर हात चाकावर ठेवून थांबा. हे बसलं की चकती आवळा आणि रेघांच्या कागदावर धागा न घालता शिवा. भोकं रेघेवर यायला लागली की कापड घ्या.

खालचं मोठं चाक आणि वरचं हातचाक जोडणारी वादी सैल असेल तरी हेच होतं. चामड्याची वादी वापरून लांबते. तिचा आकडा उघडायचा, टोक थोडं कापायचं, नवं भोक पाडून परत जोडायचं. फार घट्ट करू नका, पायडल जड होतं आणि बेअरिंग झिजतात. बोटानं दाबली तर थोडी दबेल इतकी ठीक. तिला तेल लागू देऊ नका, घसरते.

दुहेरी टाका

मला वाटतं एवढा खटाटोप करण्यापेक्षा छोटी मोटर लावावी. माझ्या मशीनला लावली आहे. गुडघे दुखणाऱ्यांना पायडल जमत नाही आणि लांब पडदे शिवताना वेळही वाचतो.

वादी

गुडघ्यांचं कारण असेल तर जरूर लावा, मशीन बंद पडून राहण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. पण ज्याला शिकायचं आहे त्यानं आधी पायानंच शिकावं असं माझं मत आहे. पायडलवर हवा तितका सावकाश एकच टाका घेता येतो. कॉलरच्या टोकाला, खिशाच्या कोपऱ्याला हे फार कामाला येतं. स्वस्त मोटर संथ चालत नाही, गुरगुरते आणि एकदम उसळते.

वारशानं आलेल्या मशीनला जुनीच मोटर असेल तर ती तपासल्याशिवाय प्लगमध्ये घालू नका. त्या काळच्या वायरवरचं रबर कडक होऊन तुकड्यांनी गळतं आणि आतली तार उघडी पडते. मोटरवरच्या पट्टीवर व्होल्टेज वाचा, ११० ची मोटर २३० वर लावली तर जळेल. वायर आणि पायाचा कंट्रोलर जाणकाराकडून नवे करून घ्या. २०१ सारख्या काही मॉडेलमध्ये मोटर डोक्यातच बसवलेली असते, तिच्या दात्यांना ग्रीस लागतं, तेल नाही.

काळी मशीन

एक सूचना, ही कृपया सगळ्यांनी लक्षात ठेवा. सोनेरी नक्षीवर स्पिरिट, थिनर, सॅनिटायझर काहीही लावू नका. जुन्या मशीनच्या नक्षीवर संरक्षणासाठी बहुतेकदा शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या वॉर्निशचा, थर असतो आणि शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं. एका पुसण्यात चमक जाते, कधी नक्षीही फडक्यावर येते. मऊ फडक्यावर मशीनचंच तेल घेऊन हलक्या हातानं पुसा. झिजलेल्या जागा तशाच राहू द्या. रंग देऊन नवी केलेली मशीन मला बघवत नाही. जिथे वर्षानुवर्षं हात टेकला तिथेच नक्षी गेलेली असते.

आणि खाण्याचं तेल आत घालू नका. ते सुकून चिकट होतं, पिवळट लाखेसारखं घट्ट बसतं. आधी कुणी घातलं असेल आणि चाक जाम असेल तर चाकाशी झटापट नको. सांध्यांवर मशीनचं तेल सोडायचं, हेअर ड्रायरनं ऊब द्यायची, हलतं तेवढंच पुढेमागे करायचं, रात्रभर ठेवायचं, परत तेच. रॉकेलनं लवकर सुटतं, पण ते आगीपासून लांब, हवेशीर जागी वापरा, नक्षीला लागू देऊ नका आणि मागोमाग सगळीकडे तेल द्या. रॉकेल आधीचं वंगणही धुऊन नेतं.

निळी रीळ

वादी, कागदावरचा सराव सुरू आहे. पण तुम्ही सांगितलेली ती मधली चकती सैल केली तरी सुई हलतेच. आधी साफ करताना चाक काढून परत बसवलं होतं.

वादी

चकतीच्या मागे एक वॉशर असतं, आतल्या बाजूला दोन छोटे कान असलेलं. बहुधा ते उलटं बसलंय. चकतीच्या कडेचा बारीक स्क्रू सैल करा, चकती पूर्ण काढा, वॉशर अर्धा फेरा फिरवून परत ठेवा, कान दांड्याच्या खाचांत बसले पाहिजेत. चकती आवळून बारीक स्क्रू लावा. तरी नाही सुटलं तर चाकाच्या आतली नळी कोरडी आहे, चाक काढून तिथे तेलाचा थेंब द्या.

निळी रीळ

झालं! वॉशरच होतं. अभ्र्यांचं कापड कापून ठेवलंय, उरेब यांच्या पद्धतीनं फ्रेंच शिलाईच घालणार.

उरेब

अभ्र्याला उत्तम. कोपऱ्यांवर सुई खाली ठेवून, फूट उचलून कापड वळवा. दुसऱ्या टिपेआधी कोपरा आतून बोथट काडीनं बाहेर ढकला, कात्रीच्या टोकानं नको, शिलाई फाटते. आणि ड्रॉवरमध्ये कुठे फुटांचा डबा आहे का बघा. 'सिमॅन्को' कोरलेले सुटे भाग सिंगरचेच. बारीक हेम दुमडणारं फूट सापडलं तर पडद्यांच्या कडांना वापरा. काज करायचं जोडकाम सापडलं तर जपून ठेवा. सुई जागची हलत नसली तरी ते कापडच डावीउजवीकडे हलवतं, म्हणून सरळ टिपेच्या मशीनवरही सुबक काज होतं. त्यासाठी दाते झाकायची छोटी पत्री लागते, तीही त्याच डब्यात असते.

धावदोरा

माझ्याकडे याहून जुनी, हातानं फिरवायची मशीन आली आहे. बॉबिन गोल नाही, लांब दांडीसारखी आहे आणि होडीच्या आकाराच्या शटलमध्ये बसते. हिच्यावर शिवता येईल का, की सुया मिळणं बंद झालंय?

काळी मशीन

सिंगर २७, २८, १२७ किंवा १२८ यातली असेल तर नेहमीची १५×१ सुई चालते, बिनधास्त शिवा. १२ नंबरची असेल तर तिची सुई वेगळी आहे आणि सहज मिळत नाही. शटलमध्ये बॉबिन घातल्यावर धागा खाचेतून ओढून स्प्रिंगखाली गेलाय ना बघा, बहुतेक अडचणी तिथेच असतात. शटलचं टोक नखानं तपासा, खरखरीत लागलं तर अगदी बारीक पॉलिश पेपरनं गुळगुळीत करा, आकार न बदलता. शटल, दोन्ही बाजू आणि क्रमांकाचा फोटो टाका, मग नक्की सांगता येईल.